प्रवेश-अर्जांतील संशोधन

विलायतेंतील किंवा अमेरिकेंतील विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांना त्या अर्जांतील बहुतेक रकाने बिनदिक्कत भरतां येतात. नांव, गांव, शाळा, गुण यांत अडण्यासारखें कांहीं नाहीं. लेखणी अडते ती एका निराळ्याच ठिकाणीं. शाळेनें नेमून दिलेलें नसतां, परीक्षेंत गुण मिळणार नसतां, केवळ जिज्ञासेपोटीं आपण जें शोधलें, मोजलें किंवा सिद्ध केलें तें येथें सांगावें किती आणि कसें? आजच्या भाषणांत या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील प्रवेशाच्या रीतींत हा प्रश्न उद्भवतच नाहीं म्हटलें तरी चालेल. अभियांत्रिकीस राज्याची सामायिक परीक्षा, वैद्यकास 'नीट', केंद्रीय विद्यापीठांस २०२२ पासून त्यांची वेगळी सामायिक परीक्षा; गुण कळले कीं विद्यार्थी कळला, असा हा हिशोब आहे. थोडीं खाजगी विद्यापीठें निबंध मागवितात व मुलाखत घेतात, इतकाच काय तो अपवाद. त्यामुळें स्वतःच्या कामाविषयीं चार ओळी मोजक्या शब्दांत लिहिण्याची संवय आमच्या हुशार मुलांनाही नसते. ती नसल्यामुळें कोणी संकोचानें कांहींच लिहीत नाहीं, तर कोणी दुसऱ्याचें पाहून वाटेल तें लिहितो.

प्रथम जागा किती असते तें पाहूं. अमेरिकेंत १९७५ सालीं पंधरा कॉलेजांनीं मिळून एक सामायिक अर्ज सुरू केला. आज एक हजाराहून अधिक कॉलेजें तो स्वीकारतात. त्यांत अभ्यासेतर उद्योगांची एक यादी असते व तींत दहापर्यंत नोंदी करतां येतात. एका नोंदीच्या वर्णनास जागा किती? दीडशें अक्षरें; आणि तींही इंग्रजी लिपींतलीं, शब्दांमधील रिकाम्या जागा धरून. शिवाय आठवड्यांतले किती तास व वर्षांतले किती आठवडे त्या उद्योगास दिले तें आंकड्यांनीं सांगावें लागतें. इंग्लंडची रीत वेगळी आहे. तेथें विद्यार्थ्याच्या निवेदनास एकंदर चार हजार अक्षरांची मर्यादा असून २०२६ च्या प्रवेशापासून तें तीन ठराविक प्रश्नांच्या उत्तरांत विभागलें आहे. हा विषय कां घ्यावयाचा, शाळेंतील शिक्षणानें त्याची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर आणखी काय केलें, असे ते प्रश्न होत. स्वतंत्र संशोधनाची जागा मुख्यतः या तिसऱ्या उत्तरांत.

एवढ्या अरुंद जागेंत मोठे शब्द कोंबण्याचा मोह होतो, आणि तेथेंच काम बिघडतें. अर्ज वाचणारा मनुष्य दिवसांतून कित्येक अर्ज वाचतो. 'नाविन्यपूर्ण', 'क्रांतिकारक', 'जागतिक दर्जाचें' हे शब्द त्याच्या डोळ्यांना इतके सरावलेले असतात कीं ते त्याला दिसतही नाहींत. त्याला पाहावयाचें असतें तें एवढेंच, कीं या मुलाला प्रश्न नेमका कोणता पडला, तो सोडविण्यासाठीं त्यानें स्वतःच्या हातांनीं काय केलें, काय निघालें, आणि जें निघालें त्यावर त्याचा विश्वास कितपत आहे.

हें हवेंत बोलण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं, आणि तें मुद्दाम पुण्यामुंबईबाहेरचें घेऊं. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यांतील लोणंद हें गांव पुणें-मिरज लोहमार्गावर आहे. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून साताऱ्याच्या हद्दींत आली कीं तिचा पहिला मुक्काम लोणंदलाच पडतो. तथापि व्यापारी मंडळींना हें गांव ठाऊक आहे तें कांद्यासाठीं. तेथील शेतकरी कांद्याचे दोन भेद मानतो, हळवा आणि गरवा. हळवा दिवाळीच्या आगेंमागें बाजारांत येतो. तो टिकत नाहीं, निघाला कीं विकावा लागतो. गरवा उन्हाळ्याच्या तोंडीं निघतो. तो चाळींत भरून ठेवतां येतो आणि भाव चढण्याची वाट पाहात पावसाळाभर तेथें राहतो. या वाट पाहण्याची किंमत मात्र द्यावी लागते. कांदा चाळींत असतांनाही श्वसन करीत असतो व त्यांतील पाणी उडत असतें, म्हणून वजन घटतें. पावसाळी दमट हवेनें तो सडतो. आणि पुढें हवा गार होऊं लागली कीं त्याला कोंब फुटतात. भाव चढला पण माल उतरला, हें दुःख त्या भागांतील घराघरांत ठाऊक आहे.

आतां समजा, अशा एका घरांतील अकरावीच्या मुलीला प्रश्न पडला कीं जमिनीलगतच्या जुन्या चाळींत कांदा अधिक जातो कीं खालून वारा खेळेल अशी उंच बांधलेल्या चाळींत? तिनें दोन्ही चाळींत जाळीच्या वीस-वीस पिशव्या ठेविल्या, प्रत्येकीस खूण बांधली, आणि दर रविवारीं त्या तोलल्या. तोलकाटा एका अडत्याच्या गाळ्यावरून मागून आणला, आणि तो नीट कसा लावावा हें तेथल्या मापाड्यानें दाखविलें. चौथ्या आठवड्यांत तिच्या ध्यानांत आलें कीं दर रविवारीं पिशवी उचलली म्हणजे कांद्याला धक्का बसतो, आणि धक्का लागलेला कांदा आधीं सडतो. म्हणजे मोजणीच मापाला बाधा आणीत होती. म्हणून तिनें शेजारीं आणखी कांहीं पिशव्या तोलून ठेविल्या व त्या अखेरपर्यंत हलविल्या नाहींत. बावीस आठवड्यांनंतर असें दिसलें कीं उंच चाळींत सड कमी झाली, पण वजनाची घट उलट किंचित् अधिक आली. जो वारा सड थांबवितो तोच पाणीही उडवितो. एक उणीव राहिली: दोन चाळींतला कांदा एकाच शेतांतला नव्हता.

हें संशोधन आहे काय? माझ्या मतें निःसंशय आहे. त्यांत प्रश्न आहे, माप आहे, मापाविषयींची शंका आहे, आणि अपेक्षेबाहेरचें उत्तर आहे. प्रयोगशाळा नाहीं, छापील निबंध नाहीं, पदक नाहीं. पण या तिहींपैकीं एकाचीही त्या कामास जरूर नव्हती.

हेंच काम दीडशें अक्षरांत दोन तऱ्हांनीं सांगतां येईल. पहिली तऱ्हा अशी: "कांदा-साठवणुकीच्या क्षेत्रांत नाविन्यपूर्ण संशोधन, शेतकऱ्यांच्या ज्वलंत समस्येवर वैज्ञानिक उपाययोजना, तज्ज्ञांकडून गौरव." दुसरी अशी: "दोन चाळींत गरव्याच्या ४० पिशव्या २२ रविवार तोलल्या. उंच चाळींत सड कमी, वजनघट अधिक. कांदा एका शेतांतला नव्हता." पहिल्या वाक्यांत कांद्याच्या ऐवजीं बटाटा घातला तरी चालेल, आणि मुलीच्या ऐवजीं दुसरा कोणीही घातला तरी चालेल. दुसरें वाक्य त्या एकाच मुलीचें आहे. घरांतील एखादा हितचिंतक तिला हटकून सांगेल कीं वजनघटीची गोष्ट गाळ, आणि ती शेताची उणीव तर मुळींच लिहूं नकोस. हा सल्ला मानूं नये. जाणत्या वाचकाचा विश्वास बसतो तो नेमका या दोन शब्दप्रयोगांवर, कारण ज्यानें काम केलेलें नाहीं त्याला कामाची उणीव कोठें आहे हें कळणें कठीण.

येथें देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण होते. १९०५ सालीं डहाणूस जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत विद्यार्थी असतांना, १९२७ सालीं, गणितांतील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळवते झाले. पुढें त्यांनीं पदव्युत्तर शिक्षण घेतलें नाहीं. उभा जन्म शाळामास्तरकीं केली व अंकांशीं खेळत राहिले. १९४९ सालीं त्यांना जो अंक सांपडला तो आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखला जातो. श्रोत्यांनीं वाटल्यास कागद-पेन्सिल घ्यावी. चार आंकडी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही आंकडे एकच नसावेत. ते आंकडे उतरत्या क्रमानें मांडून होणाऱ्या संख्येंतून चढत्या क्रमानें मांडून होणारी संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हां तेंच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढें कितीही वेळां केलें तरी ६१७४ च येते, आणि कोठूनही निघालें तरी सात पायऱ्यांच्या आंत तेथें पोहोंचतां येतें.

हें सगळें सांगावयास मला अर्ध्या मिनिटाहून फारसें अधिक लागलें नाहीं, आणि ऐकणाऱ्यास तें लागलीच पडताळून पाहतां आलें. कापरेकरांच्या कामाला प्रतिष्ठित संस्थेचें छत्र नव्हतें, आणि आपल्याकडील पुष्कळ विद्वानांनीं त्याकडे करमणूक म्हणूनच पाहिलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि मग त्यांचें नांव सर्वत्र झालें. तसें तें होऊं शकलें याचें कारण, सांगण्यासारखी गोष्ट स्वच्छ होती व कोणालाही ती करून पाहतां येत होती. विद्यार्थ्याच्या संशोधनाचें निवेदन या जातीचें असावें.

आतां एक अडचण खास आपल्या घरांतली. मराठी मुलाला 'मी' म्हणावयास संकोच वाटतो. "आम्हीं प्रयोग केला", "निरीक्षणें घेण्यांत आलीं" असें तो लिहितो, आणि शेवटीं "सरांच्या मार्गदर्शनाखालीं" हे शब्द जोडतो. घरांत हा विनय शोभतो. अर्जांत त्यानें घोटाळा होतो. 'आम्हीं' म्हणजे किती जण, आणि त्यांत तूं कोण, हें परक्या वाचकास कळत नाहीं. बालविज्ञान-परिषदेंत, जी आपल्या देशांत १९९३ पासून भरत आली आहे, मुलें गटानें काम करतात. तें काम अर्जांत घालतांना पिशव्या कोणीं तोलल्या, तक्ता कोणीं मांडला, निष्कर्ष कोणाच्या डोक्यांतून निघाला, हें वेगळें करून सांगावें लागेल. स्वतःचा वाटा वाढवून सांगणें जितकें असत्य, तितकेंच तो पुसून टाकणेंही असत्य; फक्त दुसऱ्याला आपण सद्गुण म्हणत आलों आहोंत.

मदत झाली असेल तर ती नोंदवावी. लोणंदजवळ पाडेगांवला उसाचें जुनें संशोधन-केंद्र आहे. फलटणला निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ पासून काम करीत आहे. अशा एखाद्या ठिकाणीं कोणा शास्त्रज्ञानें हवेची आर्द्रता मोजण्याचें साधन वापरूं दिलें, किंवा आंकड्यांची सरासरी कशी काढावी हें सांगितलें, तर तसें लिहिण्यानें मुलीचें काम लहान होत नाहीं. अमेरिकेंत भरणाऱ्या शालेय विज्ञानाच्या ज्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यास 'आयसेफ' म्हणतात, त्यांत तर हें नियमानेंच विचारलें जातें. विद्यार्थ्यानें एखाद्या संशोधन-संस्थेंत काम केलें असेल तर तेथल्या शास्त्रज्ञाला वेगळा नमुना भरून द्यावा लागतो, आणि मूळ कल्पना कोणाची व विद्यार्थी कितपत स्वतंत्रपणें वागला हें त्यांत लिहावें लागतें. संशोधनाचा सारांश अडीचशें शब्दांच्या आंत द्यावा लागतो. हे दोन्ही निर्बंध घरीं पाळून पाहावेत, मेळाव्यास जावयाचें असो वा नसो. कांहीं विद्यापीठें, उदाहरणार्थ मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या-संस्था, संशोधनाची तपशीलवार माहिती अर्जासोबत वेगळी घेतात. त्या वेळीं असा सारांश तयार असला तर धांवपळ होत नाहीं.

शिफारसपत्राविषयीं एकच सांगतों. तें काम ज्यानें पाहिलें त्याचें घ्यावें. मोठ्या हुद्द्याच्या पण मुलीला न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्रापेक्षां, तिची वही चार वेळां तपासणाऱ्या विज्ञानशिक्षकाचें साधें पत्र अधिक बोलतें.

यापुढचा भाग शहरांतील पालकांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावा. गेल्या कांहीं वर्षांत शाळकरी मुलांना संशोधन 'करवून' देण्याचा एक धंदाच उभा राहिला आहे. २०२३ सालीं 'प्रोपब्लिका' या अमेरिकेंतील वृत्तसंस्थेनें त्यावर सविस्तर प्रकाश टाकला. हजारों डॉलर शुल्क घेऊन मुलाला मार्गदर्शक द्यावयाचा, कांहीं आठवड्यांत एक निबंध तयार करावयाचा, आणि जेथें छापून येण्यास फारसा अडथळा नाहीं अशा नियतकालिकांत तो छापून आणावयाचा, असा हा क्रम असतो. यांतील प्रत्येक निबंध खोटा असतो असें मी म्हणत नाहीं. चांगला मार्गदर्शक पैसे घेऊनही चांगलें शिकवूं शकतो. पण या व्यवहारांत विकत मिळते ती बहुतेक वेळां छापील ओळ. प्रश्न पडण्याची शक्ति विकत मिळत नाहीं. आणि याचा भुर्दंड बसतो कोणाला? चाळींत बावीस रविवार काढणाऱ्या मुलीला. वाचणाऱ्याचा छापील निबंधांवरचा विश्वास उडाला कीं तो सगळ्याच संशोधनाकडे संशयानें पाहूं लागतो. ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याला दुसरे रकाने भरावयास मिळतात. तिच्यापाशीं हा एकच असतो.

छापण्याबद्दलचे शब्दही जपून वापरावेत. निबंध पाठविला, निबंध स्वीकारला गेला आणि निबंध छापून आला, या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. पहिलीस तिसरीचें नांव दिलें तर तें खोटें विधान होतें. तीच गोष्ट लेखनाची. मजकूर दुसऱ्याकडून, अथवा आजकाल बुद्धिमान म्हणविणाऱ्या यंत्राकडून लिहवून घेऊन आपल्या नांवावर देणें हें अमेरिकेंतील त्या सामायिक अर्जाच्या नियमांत २०२३ पासून स्पष्टपणें फसवणुकींत धरलें आहे.

भाषेचा प्रश्न उरतो. मुलीची वही मराठींत असणार, आणि ती तशीच असूं द्यावी. तारीख, वार, हवा, पिशवीचा क्रमांक, वजन, आणि "आज पावसामुळें मोजणी झाली नाहीं" यासारखी नोंद, हें सर्व त्याच दिवशीं, ज्या भाषेंत विचार चालतो त्या भाषेंत लिहिलेलें बरें. मागाहून सुवाच्य अक्षरांत उतरवून काढलेली वही दिसावयास सुंदर असते, पण पुरावा म्हणून तिची किंमत कमी. इंग्रजींत सांगतांना मात्र एक सावधगिरी हवी. 'चाळ' हा शब्द तसाच ठेवला तर कोशांत पाहणाऱ्या परदेशी वाचकास गिरगांवांतल्या बिऱ्हाडांची चाळ सांपडेल, आणि तेथें कांदे कां तोलले याचा त्याला उलगडा होणार नाहीं. म्हणून 'वाऱ्यासाठीं भिंतींत फटी ठेवलेली कांद्याची कोठी' असें साधें वर्णन करावें. भारदस्त शास्त्रीय संज्ञा शोधीत बसूं नये.

थोडक्यांत लिहिल्यानें काम किरकोळ ठरेल, ही भीतिही बाळगूं नये. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीनें मिळवून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला, तेव्हां स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनीं आग्रह धरल्यावर एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर प्रवेश देण्यांत आला, आणि त्या वर्षाच्या कामानेंच पुढचा निकाल लागला. याच कमलाबाईंनीं १९३९ सालीं केंब्रिजला डॉक्टरच्या पदवीसाठीं जो प्रबंध दिला, तो टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा होता.

आतां वेळापत्रक. गरवा कांदा चाळींत जातो तो एप्रिलच्या सुमारास. बारावीच्या वर्षीं अर्ज करणाऱ्या मुलीनें अकरावीची परीक्षा आटोपतांच मोजणीस आरंभ केला पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबली तर अर्जाची वेळ निघून जाईल. ऑक्सफर्ड व केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागतात. अमेरिकेंतील पुष्कळ कॉलेजांची आगाऊ अर्जाची मुदत १ नोव्हेंबरच्या सुमारास, आणि नेहमीची मुदत जानेवारीच्या आरंभीं येते. आपल्याकडे कोंब फुटण्याचा काळ नेमका या तारखांच्या आसपासचा. म्हणजे विलायतेचा अर्ज जाईल त्या दिवशीं चाळ पुरती रिकामी झालेली नसेल आणि शेवटचे आंकडे हातीं आलेले नसतील. अशा वेळीं अंदाजानें निष्कर्ष पुरा करूं नये. हातांत आहेत तितके आठवडे लिहावेत आणि पुढें 'मोजणी चालू आहे' असें म्हणावें. अर्ज दिल्यानंतरची माहिती कळविण्याची सोय अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठें ठेवतात; उरलेले रविवार त्या पत्रांत जातील.